कळसाडीची खबर

आमच्या मंडळीनं, म्हणजे शहाद्याच्या चर्चनं, मागे एक स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद, आत पाळकांचे ओळीनं फोटो, प्रत्येकाच्या खाली तो किती प्रेमळ होता ते. उरलेल्यांत सगळ्यांत म्हातारी मी, म्हणून माझ्याकडे आले. "आजी, जुन्या आठवणी द्या, दोन पानं." मी दिल्या. छापून आलं तेव्हा त्यात भाकरी होत्या, गाणी होती, कडुनिंबाची सावली होती, आणि माझ्या आईचं नावसुद्धा नव्हतं. विचारलं तर छापणारे म्हणाले, "आजी, वाद होईल असं कशाला?" या वयात बोलायला लागलं की दम लागतो, लिहायला लागत नाही. म्हणून ते सगळं इथं पुन्हा लिहिते आहे, कापलेलं धरून. वाद व्हायचा असेल तर होऊ दे.

आम्ही कळसाडीला राहत होतो. बाप मंडळीचा सुवार्तिक होता, येशूचं वचन सांगत गावोगाव सायकलवर फिरायचा. मी लहान असतानाच तो वारला आणि घरात माय आणि मी अशा दोघीच राहिलो. माय दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला, निंदायला जायची. गावात आमच्यासारखी मंडळीतली घरं तीन-चार, सगळी गावाच्या एका कडेला. बाकी गाव आम्हाला वाईट वागवत होतं असं नाही. पाणी वेगळं होतं, सणाला बोलावणं नव्हतं, पण कोणाच्या घरी बाई अडली की मायला हाक यायची. माय मूळची वरची, सातपुड्यातली, तोरणमाळच्या बाजूची. बापाशी लग्न झालं तेव्हा बाप्तिस्मा घेऊन खाली उतरली. तिच्या माहेरचं बाकी कोणी उतरलं नाही. ते सगळे आपल्या जुन्या देवांचे राहिले.

आमचा आठवडा रविवारसाठी जगायचा. रविवारी चूल पेटवायची नाही असा मायचा नेम, म्हणून शनिवारी दिवस कलायच्या आत भाकरी व्हायच्या. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या, जाड, खरपूस. थापताना मायच्या बांगड्यांचा एक ठेका असायचा. मी दाराशी बसून शब्बाथ शाळेची वचनं पाठ करायची आणि त्या ठेक्यात वचनं आपोआप बसायची. आजही मला कुठलं शास्त्रवचन आठवायचं असेल तर आधी हात हलवावे लागतात, आणि नातसुना हसतात. भाकरीबरोबर लसूण-मिरचीचा ठेचा, त्यात मामानं वरून आणलेला आमचूर. तो ठेचा पुढं कुठं खाल्ला नाही. सगळं फडक्यात बांधून ठेवायचं, आणि रविवारी झुंजूमुंजू झालं की आम्ही शहाद्याच्या वाटेला लागायचो. वाटेत ऊस, कापूस, मग पुन्हा ऊस. पायातल्या चपला हातात, कारण त्या मंडळीत घालायच्या असायच्या.

मंडळीत असं म्हटलं की आताच्या मुलांना माणसं डोळ्यांपुढं येतात, आमच्या बोलण्यात ती जागाही होती. कौलांची लांबट खोली, बिनकाचेच्या खिडक्या, डावीकडे बायकांच्या चटया, उजवीकडे पुरुषांच्या. पितळी घंटा नव्हती. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा कडुनिंबाला टांगला होता, त्यावर हातोडा मारायचे. त्याचा आवाज बाजारापर्यंत जायचा आणि दुकानं उघडणारे मारवाडी शेठजी त्यावर आपलं घड्याळ लावायचे.

उपासना इतरांसारखीच. गीत, वचन, उपदेश. आमच्या मंडळीचं खरं अंग म्हणजे खबर. उपदेश संपला की पाळक पुस्तक मिटायचे आणि एकेका गावाचं नाव घ्यायचे. त्या गावचं एक माणूस उठून आठवड्याची खबर द्यायचं. कोण जन्मलं, कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या कपाशीला कीड लागली, कोणाची म्हैस हरवली. सगळी गावं संपली की पाळक एकच लांब प्रार्थना करायचे आणि सांगितलेली प्रत्येक खबर नावानिशी त्यात यायची. माणूस मेलं असेल तर त्याच्या घरासाठी प्रार्थना, पण नाव मेलेल्याचं घ्यायचं. काहीच नसेल तर उठून म्हणायचं, "समदं बरं शे," आणि बसायचं. याचे दोन नियम होते. कुठं लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांच्या अंगात मुरलेले होते. एक, खबर अर्धी सांगायची नाही. दुसरा, सांगितलेल्या खबरीवर प्रार्थना झाल्याशिवाय ती सरत नाही. पाळक विसरलेच तर पुढच्या रविवारी पुन्हा उठायचं आणि पुन्हा सांगायची.

कळसाडीची खबर आधी बाप द्यायचा. तो गेल्यावर दोन रविवार कळसाडीचं नाव आलं आणि कोणी उठलं नाही. आमच्याकडच्या पुरुषांना कापूस विकताना कंठ फुटायचा, मंडळीत फुटत नव्हता. तिसऱ्या रविवारी माय उठली. बाईनं खबर द्यायची रीत नव्हती, पण द्यायची नाही अशीही नव्हती. तेव्हाचे पाळक म्हातारे होते, त्यांनी मान डोलावली. तेव्हापासून कळसाडीची खबर मायची. तिचा आवाज खणखणीत होता. डोंगरात या टेकडीवरून त्या टेकडीवर बोलायची सवय तिला.

मामाचं सांगायला हवं. वेस्ता त्याचं नाव, मायचा एकुलता भाऊ. हंगामात तो तोरणमाळहून उतरायचा. पाठीवर आमचुराचं, चारोळीचं गाठोडं, ते शहाद्याच्या बाजारात विकायचा. उतरला की रविवार गाठायचा, कारण बहीण रविवारी हमखास शहाद्यात भेटते हे त्याला ठाऊक होतं. आत कधी यायचा नाही. बायकांच्या बाजूच्या खिडकीखाली उकिडवा बसायचा, बाहेर. मायशी तो त्यांच्या पावरी बोलीत बोलायचा, माझ्याशी बाजारातली अहिराणी. एकदा मी त्याला विचारलं, "मामा, मधमा काब्र येत नही तू?"

"मधमा ईसन काय करू? तुम्हनं गानं मले समजत नही," तो म्हणाला. "खबर समजस. ती आठे बी ऐकू येस."

आणि खरंच ऐकायचा. दोन महिन्यांनी पुन्हा उतरला की पहिला प्रश्न, "ती हारपेल म्हैस सापडनी का मंग?" ज्या माणसाची म्हैस होती तोसुद्धा ती विसरलेला असायचा. मामा आमची सगळी खबर डोंगरावर न्यायचा. वरच्या पाड्यांत, जिथं मंडळीतलं कोणी कधी पोचलं नव्हतं, तिथं लोकांना शहाद्यात कोणाला मुलगी झाली ते माहीत असायचं. मंडळीतल्या सगळ्यांना तो माहीत होता. बाहेर पडताना बायका त्याच्या हातावर भाकरी ठेवायच्या.

मी तेरा-चौदा वर्षांची असेन तेव्हा म्हातारे पाळक गेले आणि यशवंतराव पाळक आले. नगरकडचे, तरुण, पांढरा कोट, हातात कायम छत्री. त्यांना खलपुरुष करून रंगवायचं मला जमणार नाही, कारण वाचनाची गोडी मला त्यांनीच लावली. स्वतःची पुस्तकं द्यायचे, वाचल्यावर प्रश्न विचारायचे, उत्तर चुकलं तरी रागवायचे नाहीत. पण त्यांना आमची मंडळी गबाळी वाटायची. खबर म्हणजे त्यांना बाजार वाटायचा. म्हशीसाठी देवाकडे प्रार्थना करताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. "विषय थोडक्यात सांगावा," असं ते दर रविवारी म्हणायचे आणि दर रविवारी लोक खबर पुरी सांगायचे.

त्या उन्हाळ्यात, मोह गळून झाला होता आणि मिशनचे साहेब-मडम थंड हवेला गेले होते, तेव्हा वरून एक माणूस धावत कळसाडीला आला. वेस्ता तापानं गेला. मायनं चुलीवरचं भांडं उतरवलं, माझा हात धरला आणि आम्ही निघालो. तो चढ मी आयुष्यात पुन्हा चढले, मोटारीनं, पण तो पायाखाली आला तो तेव्हाच. माय रडत नव्हती. चढताना रडलं तर दम पुरत नाही, म्हणायची. वर पोचल्यावर मात्र तिनं असा हंबरडा फोडला की मी घाबरून तिच्यापासून लांब झाले. ही बाई मला माहीत नव्हती. ती गाऊनच रडत होती, आपल्या बोलीत, भावाचं एकेक काम सांगत, आणि घरातल्या बायका तिला साथ देत होत्या.

मग त्यांची रीत. मेलेल्याच्या नावानं जमिनीवर मोहाच्या दारूची धार पाडायची, आणि ती सख्ख्या बहिणीनं. बहीण असताना दुसऱ्या कोणी पाडली तर ती मेलेल्याला पोचत नाही. कोणीतरी पळसाच्या पानाचा द्रोण मायच्या हातात दिला. मी बघत होते. मंडळीत आम्हाला शिकवलेलं होतं की दारूला हात लावणं म्हणजे पाप. मायनं द्रोण हातात घेतला, जरा थांबली, आणि धार पाडली. ओठाला लावायचा द्रोण तिच्यापुढं आला तेव्हा तिनं मान हलवली. कोणी आग्रह केला नाही. मग सगळ्यांनी मक्याची भाकर आणि उडदाची डाळ खाल्ली, आम्हीही खाल्ली. मामाच्या घराच्या आढ्याला आमचुराचं गाठोडं तसंच टांगलेलं होतं, खाली न्यायला बांधून ठेवलेलं.

खाली आलो. रविवार आला. "कळसाडी," पाळक म्हणाले. माय उठली.

"कळसाडीनी खबर. मना भाऊ वेस्ता, वर तोरणमाळकडला, ताप ईसन मरी गया. मी नी मन्ही पोर वर गऊत. त्यास्मा बहीणना हातनी धार लागस. ती मी पाडी. मोहानी व्हती. तोंडले लावी नही. त्याना घरसाठे प्रार्थना करा."

आणि बसली. बाहेर रुळाचा तुकडा वाऱ्यानं हलला तो मंडळीत ऐकू आला. आता सांगते, त्या खोलीत बसलेल्यांपैकी निम्म्यांचे भाऊ-बहिणी वर किंवा पाड्यांत होते. होळीला कोण कुठं जातं, लग्नात कोण काय करतं, सगळ्यांना सगळं माहीत होतं. फक्त कोणी ते उठून सांगत नव्हतं. मायला कोणी न सांगण्याचा सल्ला दिला असता तर तिला तो कळलाच नसता. खबर अर्धी सांगायची नाही, इतकं साधं होतं तिचं.

पाळकांनी पुढच्या गावाचं नाव घेतलं. प्रार्थनेत आजारी आले, आटलेल्या विहिरी आल्या, लढाईवर गेलेले शिपाई आले. मामा आला नाही.

उपासनेनंतर पंचांनी मायला बोलावलं. पंच म्हणजे मंडळीतली वडील माणसं, तिघेजण, आणि पाळक. मी दाराशी उभी होते. यशवंतराव शांतपणे म्हणाले, "जमनाबाई, तुम्ही अजाणतेपणी केलंत हे आम्ही जाणतो. पुढच्या रविवारी मंडळीसमोर उभं राहून एवढंच म्हणा, माझं चुकलं. विषय संपला."

"नी मना भाऊनं नाव?" मायनं विचारलं.

"तो मंडळीतला नव्हता. बाप्तिस्मा नव्हता. त्याची खबर इथं कशी येईल?"

"म्हैसले बाप्तिस्मा व्हता का, साहेब?"

एक पंच खोकला. पाळकांचा चेहरा लाल झाला. ठरलं असं की माय चुकलं म्हणेपर्यंत तिचं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत सगळ्यांमधून फिरणारी भाकर आणि द्राक्षरस, बंद, आणि ज्याचं प्रभुभोजन बंद त्यानं मंडळीत बोलायचं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारपर्यंत ती म्हणाली नाही तर नाव मंडळीतून काढायचं. नाव काढलं की काय होतं ते मला माहीत होतं. गावातली मंडळीची विहीर नाही, मेल्यावर मंडळीची जमीन नाही. कळसाडीत आम्ही आधीच कडेला होतो. आता कडेच्याही कडेला जाणार होतो.

घरी जाताना सोनाबाई आमच्याबरोबर होती. कळसाडीतलंच मंडळीचं घर तिचं, मायची जिवाभावाची. ती वाटभर मायला समजावत होती. "म्हनी टाक ना चुकनं! तोंडनं म्हनाले काय जास तुन्हं?"

"मी म्हनसू चुकनं," माय म्हणाली, "तं मी पाडेल धार खोटी व्हई जाई. मंग त्याले काय पोचनं?"

"तू मंडळीनी बाई, नी धार पोचानं बोलस?"

"मले नही माहीत काय पोचस नी काय नही. पन मी पाडी ती खरी पाडी."

मायच्या बोलण्यात शास्त्र कुठं आणि जुनं कुठं ते मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही मला त्यातला फरक सांगता येणार नाही. इतकं कळलं की माझी आई हे शब्द उच्चारणार नाही. मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला, त्यातला राग जास्त होता.

पुढच्या रविवारी पाळकांनी "कळसाडी" म्हणून मायकडे पाहिलं. त्यांना वाटलं ती चुकलं म्हणायला उठते आहे. ती उठली आणि तीच खबर सांगू लागली, पहिल्या शब्दापासून. "जमनाबाई, खाली बसा," पाळक म्हणाले. "तुम्हाला बोलायची परवानगी नाही." ती खबर पुरी करून बसली. प्रार्थनेत मामा आला नाही.

त्या आठवड्यात पंचांपैकी एक घरी येऊन बजावून गेले, पुन्हा उठलीस तर महिना थांबणार नाही. माय भाकरी थापत होती, तिनं हात थांबवला नाही. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "रुती, मन्हं बोलनं बंद शे. तुन्हं नही."

मला नाव रूथ दिलेलं, सगळे रुती म्हणायचे. मी वर्गात बोलायची, मंडळीत कधी नाही. पण रविवारी कळसाडीचं नाव आलं आणि मायनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती समोर बघत बसली होती. मी उठेन हे ती धरूनच चालली होती. तिच्या त्या न बघण्यानं मला उभं केलं.

"कळसाडीची खबर," मी म्हणाले, आणि मुद्दाम शाळेतल्या मराठीत म्हणाले, पाळकांनी शिकवलेल्या. "माझे मामा वेस्ता तापानं वारले. त्यांच्या बहिणीनं त्यांच्या रीतीप्रमाणे धार पाडली. त्यांच्या घरासाठी प्रार्थना करावी. ही खबर तिसऱ्यांदा सांगत आहोत."

"रूथ," पाळक म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. "तू शहाणी मुलगी आहेस. खाली बस."

"बसते," मी म्हणाले. "प्रार्थना झाली की."

माझ्या तोंडून हे कसं निघालं मला माहीत नाही. पुरुषांच्या चटयांवर कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मी सगळी प्रार्थना संपेपर्यंत उभी राहिले. सगळे डोळे मिटून बसलेले, मी एकटी उघड्या डोळ्यांनी उभी, आणि खिडकीखालची मामाची जागा मला दिसत होती. मामा आला नाही, म्हणजे प्रार्थनेत. मग मी बसले.

पुढच्या रविवारी पाळकांनी युक्ती केली. कळसाडीचं नावच घेतलं नाही. आमच्या आधीचं गाव, मग आमच्या नंतरचं. आमचं गाव जणू पुरात वाहून गेलं. आमच्या चटईच्या बाजूच्या दोन बायका उठून पलीकडे जाऊन बसल्या. बाहेर पडल्यावर मीठ घ्यायला मारवाडी शेठजींच्या दुकानात गेलो. मंडळीची खबर त्यांना दुपारच्या आत सगळी कळलेली असायची. कापसाचा अंदाज ते आमच्या खबरीवरून बांधायचे. मीठ तोलता तोलता ते म्हणाले, "काय बाई, कळसाडीनी खबर आज ऊनीच नही म्हनतस?"

"ऊनी शे," माय म्हणाली. "वाट देखी ऱ्हायनी."

मग महिन्याचा पहिला रविवार आला. त्या दिवशी रनाळ्याचे दावीदबाबा बैलगाडीनं यायचे. लेक शहाद्यात दिलेली होती, महिन्यातून एकदा तिला भेटायचं आणि मंडळीला यायचं. बाबा मंडळीतले सगळ्यांत म्हातारे. साहेबलोक आले तेव्हाची पहिली खोली बांधताना त्यांनी विटा वाहिल्या होत्या. त्यांचा मान एकच, पण मोठा होता. प्रार्थना संपली की पहिलं आमेन त्यांचं. ते आलेले असले की त्यांच्याआधी कोणी आमेन म्हणत नव्हतं. आवाज असा की कौलांवरची कबुतरं उडायची. ते म्हणाले की सगळी मंडळी म्हणायची, आणि मग डोळे उघडायचे. कानानं ते थोडे कमी होते, म्हणून पुढं बसायचे.

त्या दिवशीही गावं झाली, कळसाडी वगळून. उपासनेनंतर आमचं नाव काढायचं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मायनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, ताठ बसली होती. पाळकांनी प्रार्थना केली. चांगली केली, हे मी कबूल करते. आजारी आले, पेरणी आली, कोणाचा बैल आला. "हे आम्ही येशूच्या नावानं मागतो," ते म्हणाले आणि थांबले.

आमेन आलं नाही.

सगळे डोळे मिटून बसलेले. पाळक वाट बघत राहिले. एक पोर रडलं, आईनं त्याला छातीशी घेतलं. पाळकांना वाटलं बाबांना ऐकू गेलं नसावं. ते जरा मोठ्यानं म्हणाले, "येशूच्या नावानं मागतो, आमेन." तरी काही नाही. मंडळीतला एकही ओठ हलला नाही. मी डोळे किलकिले केले. दावीदबाबा मान खाली घालून स्वस्थ बसले होते.

"बाबा," पाळक म्हणाले, "आमेन."

"मले ऐकू येस, साहेब," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "पन प्रार्थना अजून सरनी नही. कळसाडीनी खबर राही गयी."

"बाबा, त्या विषयावर पंच आज निर्णय देणार आहेत."

"निर्णय करा ना, कोन नही म्हनस? पन खबर सांगेल शे. मन्ही शहादानी आंडेर मले बोलनी, तीनदाव सांगेल शे. सांगेल खबरवर प्रार्थना नही व्हयनी तं आमेन कसं म्हनू मी? अर्धी प्रार्थनाले आमेन ऱ्हास का?"

पाळकांनी पंचांकडे पाहिलं. पंचांचे डोळे घट्ट मिटलेले. इतक्या मनापासून डोळे मिटलेले पंच मी पुन्हा पाहिले नाहीत. पाळकांनी पुरुषांच्या बाजूला पाहिलं, बायकांच्या बाजूला पाहिलं. पलीकडे जाऊन बसलेल्या त्या दोघींचेही डोळे मिटलेले होते आणि ओठही. एवढ्या मोठ्या मंडळीत उघड्या डोळ्यांची माणसं तीनच, पाळक, मी आणि माय. उन्हाळ्याचा शेवट, खोलीत घामाचा आणि भाकरीच्या फडक्यांचा वास. कोणी हललं नाही. मला वाटलं आम्ही असेच संध्याकाळपर्यंत बसणार, आणि माझी बसायची तयारी होती.

शेवटी यशवंतरावांनी कपाळावरचा घाम पुसला. "जमनाबाई," ते म्हणाले, "तुमच्या भावाचं नाव काय?"

माय बसूनच म्हणाली, "मन्हं बोलनं बंद शे ना, साहेब?"

आता सगळं बिघडलं असं मला वाटलं. पाळकांनी रुमाल खिशात ठेवला. मग म्हणाले, "बंद नाही. बोला."

माय उठली. पदर सारखा केला. टेकडीवरून हाक मारावी तशी म्हणाली, "वेस्ता."

पाळकांनी डोळे मिटले. "प्रभू," ते म्हणाले, आणि त्यांचा तो वाचल्यासारखा आवाज पहिल्यांदा अडखळला, "तोरणमाळकडचे वेस्ता गेले. त्यांच्या घराला धीर दे. त्यांची बहीण जमना, तिनं... तिनं भावासाठी जे केलं ते तू जाणतोस." थांबले. "आमेन" म्हणायचं सोडून ते नुसतेच उभे राहिले.

"आमेन," दावीदबाबा म्हणाले. कबुतरं उडाली. मग सगळी मंडळी म्हणाली. सोनाबाई माझ्या कानाशी इतक्या जोरात म्हणाली की माझा कान दुपारपर्यंत वाजत होता.

त्या दिवशी पंच बसलेच नाहीत. एकाला ऊन लागलं, एकाची गाडी निघून चालली होती. चुकलं असं माय कधीच म्हणाली नाही, आणि तिचं प्रभुभोजन उघडलं असंही कोणी कधी जाहीर केलं नाही. त्याच उपासनेत प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट बायकांमधून फिरलं तेव्हा शेजारणीनं ते मायच्या हातात दिलं, इतकंच. यशवंतराव ते बघत होते. ते पुढं गीत सुरू करून मोकळे झाले. आमच्या मंडळीत ते बरीच वर्षं राहिले, म्हशींसाठीही नीट आवाजात प्रार्थना करायला शिकले, आणि मला पुढं शिकायला पाठवायचं त्यांनीच मायच्या गळी उतरवलं. स्मरणिकेत त्यांचा फोटो आहे. खाली प्रेमळ लिहिलं आहे. ते खरं आहे, फक्त अर्धं आहे.

आता मंडळीत माईक आहे. सूचना एक जण वाचतो, वाढदिवस, लग्नं, सभेची वेळ. कोणी उठत नाही. परवा मी उठले. वाचणारा गोंधळला, "आजी, काही हवं का?" मी म्हटलं, काही नको, पाय मोकळे करते. ते गाव राहिलं नाही, नाव घेणारे राहिले नाहीत, पण मधूनमधून मला उभं राहावंसं वाटतं.

बाबांनी आमेन अडवलं त्या रविवारच्या पुढचा रविवार मात्र मला सगळ्यांत स्पष्ट आठवतो. उपदेश संपला, पाळकांनी पुस्तक मिटलं, गावांची नावं घेऊ लागले. आमच्या आधीचं गाव झालं. त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"कळसाडी," ते म्हणाले.

माय उठली. सगळी मंडळी तिच्याकडे मान वळवून बघू लागली.

"कळसाडीमा समदं बरं शे," माय म्हणाली, आणि बसली.